साखळी पुरेल तिथवर

परवा बेसा रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्न होतं. जेवताना आमच्या जुन्या वस्तीतला एक जण शेजारी येऊन बसला. तोही आता काठी घेऊन चालतो. टेबलावरच्या तरुण मंडळींना हसवायला म्हणून त्यानं काकाजींची गोष्ट काढली.

"आमच्या सक्करदऱ्यात एक बुढा होता. कुत्र्याले अहो-काहो करे. 'काहो, जेवले काय?' पट्टा बांधला त माणूस मालक होते म्हणे, म्हणून पट्टा नाही. मंग काय, एक दिवस गाडी आली अन् बिनपट्ट्याचं कुत्रं उचलून घेऊन गेली. तत्त्वापायी कुत्रा मारला बुढ्यानं!"

सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं मी या गोष्टीला हसत आलो आहे, तेव्हा चेहऱ्याला ते आपोआप जमतं. घरी आलो, कपडे बदलले आणि पलंगावर बसलो, तर उठवेना. दमायचं वयच आहे म्हणा. पण हे दमणं वेगळं होतं.

ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे ठाऊक असलेली दोन माणसं होती. त्यातली एक माझी बायको. ती गेली. उरलेल्यानं आता बोलावं हे बरं.

काकाजी आमचे घरमालक. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ त्यांचं कौलारू घर होतं. पुढं मातीचं मोठं अंगण आणि अंगणात कडुनिंब. बाजूच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या होत्या. हे सत्तर सालाच्या आगेमागे. मी उमरेडकडच्या शेतकरी घरातला, एका कचेरीत नवा कारकून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काकाजी साठीच्या पुढचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. इतवारी बाजारातलं भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते मोकळे झाले होते. शनिवारी तेवढी तिकडं एक चक्कर मारत.

खोल्या दाखवताना त्यांनी जात विचारली नाही की पगार विचारला नाही.

"जनावर आहे काय संगं काही?"

"नाही."

"बरं आहे. असतं तरी मी काही म्हटलं नसतं. पण मले तरास झाला असता."

हे ऐकून मी बाहेर आलो, तर त्यांच्याच ओट्यावर एक काळा कुत्रा झोपलेला. एक कान फाटका. मी म्हणालो, "हा तुमचा?"

"नाही गा. ते इथं राहतात."

कुत्र्याला नाव नव्हतं. गल्लीतली पोरं काळू म्हणत, काकाजी कधी म्हणाले नाहीत. नाव ठेवणं म्हणजे हाक मारायची सोय, आणि हाक मारायची त्यांना गरज वाटत नव्हती. दुपारी ते दोन ताटं वाढत, एक आपलं आणि एक कुत्र्याचं, जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. कुत्रा येईपर्यंत स्वतः घास घेत नसत. उशीर झाला तर भात गार होई, वरणावर साय धरे, माशा बसत. मी एकदा न राहवून म्हणालो, "काकाजी, हाक मारा ना. गल्लीच्या तोंडाशीच बसला आहे."

"बोलावलं त येतीन. पण मंग ते येणं कायचं बाबू? ते हजेरी झाली."

मी खेड्यातला. आमच्याकडं दावं नसलेलं जनावर म्हणजे चुकलेलं जनावर. मी त्यांना डिवचायला म्हणून विचारलं, "मग आमच्या बैलांचं काय करायचं? सोडून द्यायचे?"

त्यांनी जानव्याशी चाळा केला. मग म्हणाले, "बैलाले तुम्ही कामासाठी बांधता. ते बी पापच आहे, पण ते दिसते तरी. तुमच्या बापाले माहीत आहे आपण याच्याजवळून काम घेऊन राहिलो म्हणून. वर्षातून एक दिवस पोळ्याले पाय धरते तो त्याचे. पण नुस्तं जवळ असावं म्हणून बांधलं, तर माणसाले ते लाड वाटते. त्याचे पाय कोण धरन?"

असं बोलणाऱ्या माणसाचा लोकांना कंटाळा येतो. वस्तीत त्यांना टोमणे बसत. एकदा चौकातल्या चहावाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "काकाजी, तुमच्या चहात दूध कोणाचं? ती म्हैस काय आपल्या खुशीनं खुंट्याले बसून आहे?" लोक हसले. काकाजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हो. बरोबर आहे." त्या दिवसापासून ते कोरा चहा प्यायला लागले, आणि शेवटपर्यंत कोराच प्यायले. चहावालाच पुढं ओशाळला. त्यांच्यासाठी लिंबू ठेवू लागला. कोणी वर्मावर बोट ठेवलं की ते भांडत नसत, कबूल करत. "हो. बरोबर आहे." हे त्यांचं वाक्य इथं मुद्दाम लिहून ठेवतो, पुढं लागणार आहे.

तान्हा पोळ्याला मात्र त्यांचं अंगण भरून जाई. पोरं आपापले लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येत आणि काकाजी एकेका बैलाची शिंगं, झूल, चाकं चष्मा लावून तपासत. मग चण्याची मूठ हातावर ठेवत. "हे पाळा," म्हणत. "याची माय कुठं मागे राहिली नाही."

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, मला सांगता येणार नाही. एकदा म्हणाले, लहानपणी ससा पाळला होता, तो पेटीत गुदमरला. दुसऱ्यांदा ससा नव्हता, मैना होती. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "काय होतं ते महत्त्वाचं नाही गा. मी होतो."

आता राघूचं सांगतो.

माझी सासू आमच्या लग्नाआधी काही महिने वारली. तिचा एक पाळीव राघू होता. त्या दिवाळीला सासरे तो पिंजऱ्यासकट आमच्याकडं घेऊन आले. मिठूला एकच वाक्य नीट येत होतं, "जेवली काय वं?" पण ते तो सासूच्या आवाजात म्हणे. तोच हेल, शेवटी तोच थोडा खोकल्यासारखा खरखराट. पहिल्या दिवशी ते ऐकून बायको पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली. मग हळूहळू तिला त्याची सवय झाली. मी दिवसभर कचेरीत. परक्या गावात तिला दुसरं कोण होतं? ती पोळ्या लाटताना तो विचारी, "जेवली काय वं?" आणि ती म्हणे, "जेवते न माय, थांब."

काकाजींनी पिंजरा पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट घेऊन आले.

"सूनबाई, मी बसू काय इथं थोडं?"

"बसा न काकाजी. चहा ठेवू?"

"नको. यांच्यासंगं बसतो."

ते पिंजऱ्यासमोर बसले आणि बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. बायको वैतागली. "काकाजी, तुम्ही आले की तो बोलतच नाही."

"मी बी कुठं बोलून राहिलो?"

"पण तुम्ही काहून बसता असे?"

"ते कुठं जाऊ शकत नाही. म्हटलं, तेवढा वेळ मी बी नाही जात."

रात्री ती मला म्हणाली, "त्यांनी भांडण केलं असतं तर मीबी भांडली असती. हे असं बसून राहतात त्याचं काय करू?" काही दिवसांनी तिनंच त्यांना विचारलं, "सोडू काय मी त्याले?" मी त्या वेळी घरातच होतो, काकाजींचं उत्तर मी कानांनी ऐकलं आहे. "मले नका इचारू सूनबाई. मी सोडा म्हटलं त तो बी हुकूमच झाला. पिंजरा तुमचा आहे."

एका दुपारी तिनं दार उघडलं. मिठू बराच वेळ दारातच बसला. मग पिंजऱ्याच्या टपावर आला आणि धडपडत कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर पोचला. आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेला. पुढं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी कचेरीतून आलो तेव्हा ती झाडाखाली डाळ घेऊन उभी होती आणि वरून तिची आई विचारत होती, "जेवली काय वं?" मग कावळे आले. मी शिडी आणायला धावलो. शिडी लावेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

काकाजींनी स्वतः खड्डा खणला. मी त्यांच्या डोक्यावर उभा होतो. बायको आत रडत होती आणि तिच्या आईचा आवाज जगातून दुसऱ्यांदा गेला होता. मी अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "तुमच्या तत्त्वानं जीव घेतला, काकाजी!"

ते माती लोटता लोटता थांबले. "हो," म्हणाले. "बरोबर आहे."

म्हणजे ते वाक्य माझं. लग्नाच्या टेबलावर जे फिरतं आहे, ते आधी माझ्या तोंडून निघालं, आणि तेव्हा ते राघूबद्दल होतं. कुत्रा नंतरचा.

त्या काळी शहरात कुत्रे धरायची गाडी फिरत असे. पाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला असला की सुटका. नसला की गाडीत. गाडीतून कोणी परत येत नसे. वस्तीतले लोक काकाजींना सांगून थकले होते. ते म्हणत, "बिल्ला लावला म्हणजे मी मालक झालो. मालकाले विकता बी येते." पण त्यांना भीती नव्हती असं नाही. गाडी आल्याचं कळलं की ते कुत्र्याच्या शेजारी जाऊन बसत. गाडीवाले ओळखू लागले होते. "बुढ्याचा आहे" म्हणून पुढं जात. म्हणजे पट्ट्याचं काम ते स्वतः करत होते.

राघू जाऊन महिना झाला नसेल. शनिवार होता, अर्ध्या दिवसाची कचेरी करून मी घरी आलो होतो. काकाजी इतवारीला गेलेले. त्यांना तलावाच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून कुत्रा परत आला होता आणि आमच्या पायरीवर झोपला होता. राघू गेल्यापासून तो आमच्याच पायरीवर झोपायला लागला होता. कदाचित बायको त्याला पोळी टाकायची म्हणून असेल.

गाडी दाराशी थांबली. लांब दांड्याचा फास घेऊन दोघं उतरले. त्यातला म्हातारा, विडीवाला, फाटकाशी आला. तो या भागात नवा होता, काकाजींना ओळखत नव्हता.

"साहेब, हा कुत्रा तुमचा काय?"

"नाही."

त्यानं कुत्र्याकडं पाहिलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. परक्या माणसाला भिण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

"अजी साहेब, पायरीवर झोपून आहे तुमच्या. तुमचा म्हणा न. मी जातो पुढं. मलेबी काही हौस नाही."

तो इतकं सोपं करून देत होता. एक शब्द हवा होता, "आमचा." माझ्या डोळ्यांसमोर कडुनिंबाखालचा खड्डा होता. मला वाटलं, आमच्या म्हाताऱ्या घरमालकाला त्याच्याच मापानं मोजावं. तोच म्हणतो ना, माझा नाही, माझा नाही.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. "घरमालकालेच इचारा पाहिजे तर. तोच म्हणते."

मी आत आलो आणि दार लावून घेतलं. बाहेर फारसा आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच बोलली, आणि त्यानंतर या विषयावर जन्मात बोलली नाही.

"मिठूले मी सोडलं होतं. काकाजींनी नाही."

मी चप्पल घालून बाहेर धावलो, पण गाडी वळून गेली होती. सायकल होती माझ्याकडं. तिच्यावर बसलोही. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मग, का कोण जाणे, परतलो. का परतलो ते मी आजवर स्वतःलाही नीट सांगू शकलेलो नाही. आपलंच वाक्य लगेच मागं घ्यायची लाज वाटली असेल. लाजेपायी माणूस काय काय करतो.

काकाजी आले, जेवले नाहीत. ताटं वाढून बसले. कुणीतरी गाडीचं सांगितलं, तेव्हा उठून, धरलेले कुत्रे नेतात तिथवर चालत गेले. दिवे लागल्यावर एकटेच परतले आणि आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाबू, गाडी आली तवा तुम्ही होते काय घरी?"

"आत होतो."

"कोणी इचारलं असन न? ते लोक इचारतात."

"नाही काकाजी. कोणी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग माहीच चूक. पट्टा असता त इचाराचं कामच नव्हतं."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीत माझं जुनं वाक्य नव्या गोष्टीला चिकटलं. चहावाला म्हणाला, "काकाजी, तत्त्वानं कुत्रा मारला तुमच्या." त्यांनी लिंबू पिळलं आणि म्हणाले, "हो. बरोबर आहे."

पावसाळा सरल्यावर ते एका सकाळी इतवारीतून आले ते पिशवीत एक पिलू घेऊन. तांबूस, पोट फुगलेलं. कोणीतरी बाजारात सोडून दिलेलं. त्यांनी त्याला पट्टा बांधला. पट्ट्याला बिल्ला. कडुनिंबाला साखळी. साखळी अडकवताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "माफ करा बरं." रोज सकाळी, अंगणातून फिरवून आणून परत बांधताना, तेच. "माफ करा बरं."

मग त्यांनी आपली खाट अंगणात आणली आणि साखळी पुरेल तिथवरच्या जागेत टाकली. त्या दिवसापासून काकाजी फाटकाबाहेर पडले नाहीत. शनिवारची इतवारी बंद. पुतण्याच्या घरचं लग्न झालं, गेले नाहीत. चहा चौकातून यायचा. जेवण तिथं, पेपर तिथं, पाऊस आला तर खाटेवर ताडपत्री. तान्हा पोळ्याला पोरं आली तर त्यांनी खाटेवरूनच चणे दिले. वस्तीला हसायला आणखी एक कारण मिळालं. पुतण्या येऊन रागावला, "काकाजी, हे काय चालवलं? कुत्र्याले बांधलं, तुम्हाले कोणी बांधलं?"

"ज्यानं बांधलं त्यानं बी संगं राहावं," ते म्हणाले. "एकट्याले काहून?"

मी रोज खिडकीतून पाहत होतो. कुत्रा फिरून फिरून कडुनिंबाभोवती जमिनीत एक गोल उमटला होता. त्या गोलात गवत उगवत नव्हतं. मध्यभागी म्हातारा खाटेवर, आणि म्हाताऱ्याच्या पायाशी तांबूस कुत्रा. दोघांनाही तिथं कोणी ठेवलं होतं, हे मला माहीत होतं.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली चंद्रपूरला झाली. सामान ट्रकात चढलं. बायको आधी त्यांच्या पाया पडून आली. तिचे डोळे लाल होते. मग मी गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. गोलाच्या कडेशी थांबलो. कुत्रा उठला, साखळी ताणली गेली. माझ्या बुटांपाशी येऊन त्याला थांबावं लागलं.

"इकडे या गा," काकाजी म्हणाले. "त्यांची पोच तिथवरच आहे. तुमची त नाही."

मी आत गेलो. वाकलो. पाय धरल्यावर मला उठता येईना. त्यांना वाटलं, घर सोडायचं दुःख आहे. पाठीवर हात फिरवत म्हणाले, "जाऊ द्या. तुम्हाले एक सांगू? ते शेवटी शेवटी तुमच्या पायरीवर झोपत होते. मले बरं वाटते आठवून. तुमचा भरोसा वाटत असन त्यांले."

मी उठलो आणि ट्रककडं चालत आलो.

काकाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले, खाट हलवली नाही असं ऐकलं. मी परत गेलो नाही. बेसाला मुलाच्या घरी राहायला आल्यावर सक्करदरा रिक्षानं जवळच आहे, तरी गेलो नाही. आता ते घरही नाही म्हणतात. चंद्रपूरहून खरं काय ते लिहून एक पोस्टकार्ड पाठवलं असतं तरी चाललं असतं. वाचून त्यांनी "हो, बरोबर आहे" म्हटलं असतं आणि उठून इतवारीला गेले असते. कुत्र्याचं त्यांनी काय केलं असतं ते मी सांगू शकत नाही. ते गेले असते एवढं नक्की.

जनावर पाळावं की नाही, हे मला कळत नाही. नातीनं एक कुत्रा आणला आहे. तो सोफ्यावर झोपतो आणि खूश दिसतो. मी त्याच्याशी फार बोलत नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यांनी यापुढं ती नीट सांगावी. काकाजींच्या तत्त्वानं कोणी मेलं नाही. गाडीवाल्यानं विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.